दाबायचं राहिलेलं बटण

आई,

लांबूनच वाकून नमस्कार.

स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली! कंपनी म्हणजे माझीच खोली. आवाज घुमू नये म्हणून तुझी रजई भिंतीला ठोकली आहे. थंडी फारशी नाही, काळजी करू नकोस. बाबांचा खोकला थांबला का?

कंपनीत माझ्यानंतरची पहिली रॅपर काल गाणं रेकॉर्ड करायला आली. कपडे शिवते. तिने तोंड उघडलं आणि मी थक्कच झालो. एवढ्याशा जिवात एवढा आवाज कुठून येतो गं? गाणं संपल्यावर लक्षात आलं, मी रेकॉर्डिंगचं बटणच दाबलं नव्हतं. ती हसली, "दादा, आता तरी दाबा."

आठवतं, माझं पहिलं गाणं ऐकताना तुझं दूध उतू गेलं होतं? मी चिडून विचारलं होतं, "आई, तुझं लक्ष कुठे असतं?"

कुठे होतं, ते काल कळलं.

तुझाच,
बडबड्या