बाबांची अंघोळ

बाबा, तुमचा गीझर अखेर गळला. दिल्लीत द्वारकेचा हा फ्लॅट घेतल्यावर पहिल्याच थंडीत तुम्ही तो मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून बसवून घेतला होता. सरकारी क्वार्टरमध्ये सगळी वर्षं बादलीत रॉड टाकून काढलेली, त्यामुळे त्याचं तुम्हाला कोण कौतुक! पण ते पाहण्यापुरतंच. आत शिरायच्या आधी बटण बंद करायचं, "बंद केला गं!" असं आईला ओरडून सांगायचं, आणि पाणी एकच बादली. तीही नळ इतका बारीक सोडून, की टपटप आवाज किती तरी वेळ बाहेर ऐकू यायचा. मी एकदा केस धुताना नळ वाहता ठेवला, तर दारावर थाप मारून म्हणालात, "यमुना काय आपल्या मागच्या दारी आणून ठेवलीय का कुणी?" मी इतकी चिडले, की शिकेकाई अर्धवट धुऊनच बाहेर आले. अजूनही कुठे नळ वाहताना दिसला की माझा हात आपोआप पुढे होतो.

दिवाळीनंतर टाकीच्या बुडातून थेंब पडायला लागले. मी खाली बादली ठेवली. प्लंबरला सकाळी फोन करणार होते, तर सकाळी आई टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी स्टुलावर बसलेली. आईचं हल्ली कसं आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही. मला ओळखते, नातीला ओळखते, पण मधली वर्षं तिच्या हातून निसटलीत. मी विचारलं, "इथे काय करतेस गं?" तर ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हे अंघोळीला गेलेत."

मी जागच्या जागी उभी. आतून टप, टप. क्षणभर मलाही वाटलं, आता तुमचं सुरू होणार. अंघोळ करता करता तुम्ही साहेबांना काय सुनवायचं त्याची तालीम करायचात ना, "सर, ऐसा है कि वो फाइल मेरे पास आई ही नहीं." आई पोहे परतताना हसायची, "आज वाजणार वाटतं ऑफिसात." ऑफिसात तुम्ही त्यातलं अक्षरही बोलत नसणार, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. आईने दाराला कान लावला आणि ती कुजबुजली, "आज गप्प आहेत गं. काहीतरी झालंय."

प्लंबरला फोन मी केलाच नाही. कारण सांगते. त्याआधी रोज संध्याकाळी आई "हे कुठे गेले, हे कुठे गेले" करत घरभर फिरायची. दर वेळी मी सांगायचं की बाबा गेले, आणि दर वेळी तिने ते पहिल्यांदाच ऐकायचं. बाबा, ते रडणं बघवत नव्हतं हो. आता ते थांबलं. तुम्ही घरातच होतात, अंघोळ जरा लांबली होती, इतकंच. माझी मुलगी वैतागली, "मम्मा, यार, करवा लो ना ठीक, मला भीती वाटते." मी तिलाच गप्प केलं.

मग एका सकाळी आईची किंकाळी ऐकू आली. मुलीने गीझरमध्ये पाणी तापायला ठेवलं होतं, भिंत गळून गळून ओली झालेली, आणि आईने आत जाऊन पाइपला हात लावला. जिवावरचं शेपटावर निभावलं, हातभर झिणझिण्या आल्या फक्त. मी तिला पोटाशी धरलं, तर ती थरथरत सांगत होती, "आज बंद केल्याचं ओरडले नाहीत गं हे. म्हणून बघायला गेले."

त्याच दिवशी प्लंबर आला. "आंटीजी, टंकी अंदर से गल गई है. यहाँ का पानी ही खारा है." नवा गीझर लागला. एक थेंब गळत नाही.

दुसऱ्या दिवशी आई तिच्या वेळेला टॉवेल घेऊन बसली. आत चिडीचूप. तिने बराच वेळ कान देऊन ऐकलं, आणि एकदम तिचा चेहरा खुलला. "झाली वाटतं यांची. चहा टाक गं." मी चहा टाकला. दुसरं काय करणार? ती उठली, पदर सारखा केला, टॉवेल पुढे धरून दार उघडायची वाट बघत राहिली. चहा उकळून काळा झाला. शेवटी तिने स्वतःच दार ढकललं. कोरडी फरशी बघितली. रडली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मला न सांगताच गेले?"

त्यानंतर रोज तिच्या आधी उठून मी नळाखाली बादली ठेवायचे आणि नळ किंचित सैल सोडायचे. यमुनेवरून काय बोलायचं ते बोला. ती स्टुलावर बसायची, मी पोहे परतायचे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, ते काही मला कळत नाही. राहू दे घरातच. थंडी सोसत नाही म्हणून दादा आईला मागच्या आठवड्यात पुण्याला घेऊन गेला. मुलगी गुरुग्रामला ऑफिसला गेली. घरात कुणी नाही, आणि मी बाथरूमच्या दाराशी तिच्या स्टुलावर बसून लिहितेय. आत बादली भरत आलीय. आजही नळ मीच सैल सोडलाय, बाबा, आणि उठून बंद करायला मन होत नाही.