मिस्टर टटल यांचा बाप्तिस्मा

६ जानेवारी, सोमवार
सुट्टीचा वार. कपडे धुतले, किराणा आणला, घरी फोन केला. चर्चने पाठवलेल्या दोन वर्षांच्या धर्मप्रचाराचे, म्हणजे मिशनचे, वीस महिने झाले, चार उरले. आजवर माझ्या हातून झालेले बाप्तिस्मे: शून्य.
हा आकडा फसवा आहे. मी पेरणारा माणूस, कापणी मागून येणारे करतात. दादाने ब्राझीलमध्ये दोन वर्षांत एकतीस केले, पण तिथे लोक आयते अंगणात बसलेले असतात. इथे नॉर्थ डाकोटात आज उणे बावीस. दार उघडलंच तर फटीतून एक डोळा दिसतो आणि तो डोळा नको म्हणतो.
बाबांनी विचारलं, काही हालचाल? म्हणालो, मोठं काहीतरी होणार आहे. काय, ते मलाही माहीत नाही.
संकल्प: १८ फेब्रुवारीच्या बदल्यांआधी एक तरी बाप्तिस्मा. मग मला डिस्ट्रिक्ट लीडर, म्हणजे इथल्या मिशनऱ्यांचा प्रमुख, केल्याशिवाय मिशनच्या प्रेसिडेंटांना गत्यंतर नाही. सध्या ते पद एल्डर क्लफकडे आहे. एल्डर म्हणजे वडीलधारा, आम्हा सगळ्याच मिशनऱ्यांना तसं म्हणतात. वय एकोणीस. मिसरूड नाही.

७ जानेवारी
नवा जोडीदार आला. एल्डर टौफा, टोंगाचा. तीन महिन्यांचा नवखा. वजन एकशे वीस किलो. बर्फ दिसला की अजून हसतो. नियमाप्रमाणे आम्ही आंघोळ सोडून चोवीस तास एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं. मी सीनियर, म्हणून बोलायचं काम माझं. त्याला सांगितलं, तू फक्त हसत जा. तो लगेच हसला. शिकण्याची तयारी दिसते.

९ जानेवारी, रात्री ९
छत्तीस दारं ठोठावली. एक गृहस्थ म्हणाले, आजोबांपासून आम्ही लुथरन, आणि या थंडीत धर्म बदलायला कोण बाहेर पडणार. एका बाईंनी छातीवरच्या नावाच्या काळ्या पाट्या बघून आम्हाला वीज कंपनीचे समजून थेट तळघरात नेलं. मी त्यांना अनंत जीवनाबद्दल सांगितलं. टौफाने घर तापवणाऱ्या बंद फर्नेसवर एक बुक्की मारली, ती सुरू झाली. सूप त्याला मिळालं.
सदतिसावं दार मात्र सताड उघडलं. मिस्टर ऑर्व्हल टटल, वय पंच्याहत्तर, एकटे. आमच्या पाट्या बघितल्या, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, या आत, ऊब बाहेर चाललीय. बूट तिकडे काढा. कॉफी विचारत नाही, तुम्हाला चालत नाही.
मी काही बोलण्याआधीच. व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव असतो, दुसरं काय.
त्यांच्या कुत्र्याचं नाव नीफाय. आमच्या ग्रंथात सुरुवातीलाच जो संदेष्टा येतो, तोच. मी थरारलो. असं नाव का ठेवलं, विचारलं, तर म्हणाले, हाक मारायला सोपं. हा सरळ सरळ ईश्वरी संकेत आहे. टौफा काहीतरी बोलणार होता, त्याला खुणेने गप्प केलं.

१४ जानेवारी
पहिला धडा. एक तास दहा मिनिटं बोललो. मिस्टर टटल यांच्यासारखा विद्यार्थी वीस महिन्यांत भेटला नाही. मी वाक्य अर्धं सोडावं आणि त्यांनी पुरं करावं. आमच्या चर्चचा संस्थापक जोसेफ जंगलात प्रार्थनेला गेला, इथवर मी पोचलो, तर पुढचं सगळं तेच बोलले, वर सालही सांगितलं. माझी मांडणी इतकी स्वच्छ होती की पुढचं आपोआप सुचत गेलं असणार.
प्रार्थनेला त्यांनी दोन्ही हात छातीशी घडी घातले, लहानपणी आम्हाला शिकवतात तसे. न सांगता. नंतर हिरवी जेली दिली, किसलेलं गाजर घातलेली. हुबेहूब आईच्या हातची. योगायोग किती असावेत माणसाच्या आयुष्यात.

२० जानेवारी, सोमवार
बाबांना फोनवर सांगून टाकलं. त्यांनी आईला हाक मारली, आईने दादाला. दादा म्हणाला, अभिनंदन, आता फक्त तीस राहिले. त्याच्याकडे मी कधीच लक्ष देत नाही.
आता आठवड्यातून तीनदा धडा. धड्याआधी मिस्टर टटल यांच्या दारातला बर्फ आम्ही काढतो. ते म्हणतात, घाम गाळून शिकवलं की डोक्यात नीट उतरतं. काठाचा राहिलाय, परत करा, असंही म्हणतात. वाटेत टौफा म्हणाला, हे मूळचे कुठले, आधी कोणत्या चर्चचे, एकदा विचारू या का? मी त्याला समजावलं की नवा जन्म घेणाऱ्या माणसाला जुना पत्ता विचारू नये. वाक्य मलाच आवडलं.

२३ जानेवारी
तारीख ठरली. शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळी अकरा. मी विचारलं, बाप्तिस्मा घ्याल का? मिस्टर टटल यांनी खिडकीबाहेर आम्ही काढलेला बर्फ बघितला. मग म्हणाले, नाही म्हटलं तर येणं बंद कराल का तुम्ही? म्हणालो, नियमाप्रमाणे ज्यांची प्रगती आहे त्यांच्याकडेच वेळ द्यायचा असतो. म्हणाले, बरं, मग घेतो.
अंतःकरण हेलावलं की माणूस असंच काहीतरी बोलतो.

२५ जानेवारी
तालीम. माणसाला पाण्यात पुरतं बुडवावं लागतं. केस किंवा पायाचा अंगठा वर राहिला तर पुन्हा. मिस्टर टटल सहा फूट, म्हणून टौफावर सराव केला. तो गादीसमोर उभा राहिला, मी मंत्र म्हटला, त्याला मागे झुकवलं. झुकेपर्यंत उत्तम जमलं. पुढचं गुरुत्वाकर्षणाने केलं. खालच्या मजल्यावरचे मिस्टर स्कोग वर आले. कोण मेलं, म्हणाले. माझी पाठ धरली आहे. आडवा पडून लिहितोय.

२ फेब्रुवारी, रविवार
उपासाचा रविवार, त्यामुळे घरच्या गावी चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने मंचावर जाऊन बोलायचं. बाबा गेले आणि दोनशे ऐंशी लोकांसमोर माझ्या मिस्टर टटलबद्दल अकरा मिनिटं बोलले म्हणे. शेवटी रडले. आईचा ईमेल आहे. दादाच्या एकतीसांसाठी बाबा रडल्याचं मला आठवत नाही.
इथे मिस्टर टटल पहिल्यांदा चर्चला आले. टोपी डोळ्यांवर ओढून शेवटच्या बाकावर बसले. प्रार्थनागीतांचं पुस्तक न उघडता चारही कडवी गायले, तीही खर्जात. उपजत गळा.
टौफा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी काही बोलेन. मी म्हटलं, खर्ज ऐकलास ना? तो म्हणाला, हो, ऐकला.

१३ फेब्रुवारी
आज डिस्ट्रिक्ट लीडर म्हणून क्लफ मिस्टर टटल यांची मुलाखत घेणार होता. काही ठरावीक प्रश्न असतात, ते विचारल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. वादळामुळे रस्ते बंद. क्लफ म्हणाला, शनिवारी सकाळी उरकू. पाच मिनिटांचं काम, असं मीच म्हणालो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पहाटे सहाला चर्च उघडून बाप्तिस्म्याच्या हौदाचे नळ सोडले. भरायला तीन तास लागतात. दोन तासांनी गरम पाणी संपलं. उरलेला तास मी आणि टौफा स्वयंपाकघरातून पातेल्यांनी गरम पाणी वाहत होतो. दहाला लोक येऊ लागले, थंडी असूनही चौतीस. चर्चमधल्या सिस्टर बर्गेट यांनी चीज घालून भाजलेल्या बटाट्यांच्या तीन पराती आणल्या, हेच बटाटे आम्ही मयताच्या जेवणालाही करतो. मी पांढरा पोशाख चढवला. क्लफ मिस्टर टटल यांना घेऊन वर्गात गेला आणि दार लावलं.
पाच मिनिटं झाली. पंचवीस झाली. क्लफ बाहेर आला. घाबरलेला होता. म्हणाला, याआधी बाप्तिस्मा झालाय का, एवढंच विचारलं मी. ते म्हणाले, झालाय. आपल्याच चर्चमध्ये. १९५८ साली, आयडाहोत, बापाने कालव्यात केला.
मी आत गेलो. मिस्टर टटल टोपी गुडघ्यावर घेऊन बसले होते. म्हणाले, या पोराने सरळ विचारलं, मग खोटं कसं बोलणार. तू एकदाही विचारलं नाहीस. मी म्हणालो, तुम्ही सांगायचंत. ते म्हणाले, कधी सांगणार? तू श्वास तरी घेतलास का?
मग हळूहळू सगळं आलं. ते स्वतः मिशनरी होते, फिनलंडला, १९६९ ते ७१. दोन वर्षं, बाप्तिस्मे शून्य. घरात कुणी घेतलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या दारावर कधी पोरं आली तर आत घ्यायची. पुढे लुथरन बायको केली, चर्च सुटलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून घरात बोलायला नीफाय. जुना सभासद म्हणालो असतो, तर महिन्यातून एकदा आला असतात, म्हणाले, शिकाऊ म्हणून आठवड्यातून तीनदा येत होतात. इतकं लांबेल असं वाटलं नव्हतं. माफ कर.
मी माफ केलं नाही. म्हणालो, माझे वडील दोनशे ऐंशी लोकांसमोर रडले. आणि बाहेर आलो. पांढरा पोशाख बदलायचं सुचलंच नाही, त्यातच चौतीस लोकांना बटाटे वाढले. सगळे छान म्हणाले. बटाट्यांना.
रात्री टौफाला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाला, कुत्र्यापासून. मला वाटलं, तुला माहीत असूनही तू दयेने जातोयस. म्हणून मी तुला फार मोठा माणूस समजत होतो.
हौद रिकामा व्हायलाही तीन तास लागतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी बदल्या कळल्या. मी इथेच. टौफाही इथेच, सीनियर म्हणून. मी त्याचा ज्युनियर. प्रेसिडेंटांनी माझ्यावर मोठीच जबाबदारी टाकली आहे, कोणती ते शोधतोय.
मग घरी फोन. दोन रात्री वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते आठवलं नाही. म्हणालो, बाबा, त्यांचा आधीच झाला होता. बाबा म्हणाले, कुणी केला? म्हणालो, त्यांच्या वडिलांनी, १९५८ साली. मागून दादाच्या हसण्याचा आवाज, मग खुर्ची पडल्याचा. आईने तेवढंच विचारलं, मग त्या बिचाऱ्यांचा बर्फ आता कोण काढतंय?
मी म्हणालो, त्याच्याशी माझा संबंध नाही. दुपारी टौफाने न विचारता फावडी गाडीत टाकली. आता बोलायचं काम त्याचं, आणि तो काहीच बोलला नाही.
दोन दिवसांचा बर्फ साचला होता. मिस्टर टटल खिडकीत होते. आमची गाडी दिसली तसे आत गेले आणि बुटांचं पायपुसणं दाराबाहेर आणून ठेवलं. ते बघून मला रडू आलं. उणे अठ्ठावीस होतं, डोळ्यांना त्रास होतोच. काठापर्यंत सगळा बर्फ काढला. माफ केलं, असंही सांगितलं. ते म्हणाले, बस खाली. तिसऱ्या धड्यात तू दोन ठिकाणी चुकलायस, चौथ्यात तर विचारू नकोस. आज मी शिकवतो, तू ऐक.
ऐकलं. एक तास दहा मिनिटं. मध्ये एक शब्दही बोललो नाही.
टौफा म्हणतो, अकरा वेळा बोललास.