जांभळ्या दोऱ्याची कार्डं

॥ श्री ॥

३ जानेवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. तू बरी नाहीस हे दादानं कळवलंय, तेव्हा आम्ही सर्व मजेत हे वाक्य पुढच्या पत्रात लिहायची तसदी घेऊ नकोस. एका पायात काळी आणि दुसऱ्या पायात तपकिरी चप्पल घालून तू बाजार करून आलीस म्हणे. दादाला हसू आलं, मला नाही आलं. मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, आणि तुझं आपलं आज नको, उद्या नको. कारण काय, तर डोळ्याला पट्टी असताना हॉस्पिटलचा फोन आला तर कार्डं कोण बघणार! साऱ्या गावाच्या रक्ताची काळजी वाहतेस, तशी स्वतःच्या डोळ्यांचीही थोडी वाहा.

दुसरी गोष्ट. तुमच्या नगरपालिकेचं मला पत्र आलंय. रक्त देणाऱ्यांची यादी तू छत्तीस वर्षं घरबसल्या सांभाळलीस म्हणून मार्चमध्ये तुझा सत्कार ठरलाय, आणि मानपत्र मी लिहावं असं त्यांचं म्हणणं. जन्मभर मुलांचे निबंध तपासले, आता एक स्वतः लिहायची पाळी आली. तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहून पाठव. ज्या दिवशी हे सुरू झालं त्या दिवशी मी ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध पडले होते, त्यामुळे माझी साक्ष काही कामाची नाही.

दादाला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नणंद

॥ श्री ॥

१४ जानेवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. चपलांचं वाक्य दोनदा वाचलं. ऑपरेशन या महिनाअखेरीला ठरवलंय, आता तरी रागवू नका. तेवढे दिवस फोनपाशी तुमचे दादा बसणार आहेत. हा फोन आपला आहे की हॉस्पिटलचा, असं छत्तीस वर्षं विचारणारा माणूस आपण होऊन म्हणाला. देव बुद्धी देतो ती अशी.

सत्काराचं मला काही पटत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्हाला सकाळी आत नेलं. अकराला डॉक्टर बाहेर आले नि म्हणाले की दोन बाटल्या रक्त लागेल आणि त्या गटाचं शिल्लक नाही. हे परगावी. मी रस्त्यावर आले आणि दिसेल त्याला विचारत सुटले. इस्त्रीवाला, पोस्टमन, सायकलच्या दुकानातले दोघे, असे नऊजण हातातलं काम टाकून आले. दोघांचं जुळलं. पुढच्या आठवड्यात लॅबवाले म्हणाले की बाई, त्या नऊजणांची नावं देऊन ठेवा, आणखी कुणाला लागतील. कोरी कार्डं कशाला आणायची, म्हणून आमंत्रणपत्रिकांच्या पाठीवर लिहिली. त्या नवाची आज सातशे चाळीस झाली. यात माझं काय? रक्त त्यांचं, सुई लॅबवाल्यांची, कृपा देवाची. मी आपली निरोप्या.

पद्धत म्हणाल तर साधी आहे. कार्डाला भोक पाडून गटाप्रमाणे शिवणातला उरलेला दोरा बांधते. ओ पॉझिटिव्हला निळा, ओ निगेटिव्हला जांभळा, बाकीच्यांना लाल, पिवळा, पांढरा. घाईत अक्षर चुकीचं वाचलं जातं, रंग नाही. गेल्या उन्हाळ्यात दोनशेच्या वर कार्डं फाटायला आली होती. दोरे बघून ती नवी लिहून काढली, नवे दोरे बांधले, जुनी दोऱ्यांसकट रद्दीत दिली. नियम एकच. रक्त कुणाला दिलं, पुढं काय झालं, हे मी विचारत नाही आणि देणाऱ्यालाही कळू देत नाही. घेणाऱ्यानं जन्मभर ओशाळं का व्हावं, आणि देणाऱ्यानं मिरवावं तरी का?

एवढ्यात तुमचं मानपत्र होत असेल तर बघा. कमी पडलं तर कमीच लिहा. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपली,
वहिनी

॥ श्री ॥

१६ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

डोळा छान झाला. पट्टी काढली तर स्वयंपाकघराची भिंत पांढरी! मला इतके दिवस ती मळकट पिवळी वाटायची. आरशात माझ्या सुरकुत्या मोजल्या आणि शेजारी उभं राहून तुमचे दादाही किती म्हातारे झालेत ते कळलं. हसण्यासारखं एवढंच. पुढचं बसून वाचा.

मानपत्र लिहू नका. लिहिलं असेल तर फाडून टाका.

काल दुपारी कार्डांचा डबा उघडला. ओ निगेटिव्हच्या जुडीत जांभळ्यांबरोबर निळे दोरे दिसले. आधी वाटलं नवा डोळाच बिघडला. मग तो हातानं झाकला आणि ऑपरेशन न झालेल्या डोळ्यानं पाहिलं. सगळे दोरे एकसारखे काळपट. हात काढला की निळे वेगळे, जांभळे वेगळे. असं किती वेळा केलं कोण जाणे. वन्सं, नवी कार्डं लिहिताना मी निळ्याला जांभळा समजले नि जांभळ्याला निळा, आणि शाईनं गटही तसेच लिहून मोकळी झाले. जुनी कार्डं रद्दीत. खरं काय ते आता त्या डब्यात कुठंच नाही.

पण एवढ्यावरच थांबत नाही. ऑक्टोबरात एकदा सकाळी हॉस्पिटलचा फोन आला होता. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, ओ निगेटिव्ह, लगेच. मी तिघांना पाठवलं. थोड्या वेळानं लॅबवाले फोनवर खेकसले की तिघांतले दोघे पॉझिटिव्ह निघाले, बाई, तुम्ही कार्डं बघून पाठवता की डोळे मिटून. मला रागच आला. मनात म्हटलं हा माणूस पहिल्यापासून तिरसट, यानंच काहीतरी घोळ घातला असेल. आणखी दोघांना फोन लावले, ते घरी नव्हते. मग हॉस्पिटलचाही फोन आला नाही, तेव्हा मी समजले की निभावलं.

आता घास उतरत नाही. एका बाटलीवर निभावलं असेल का हो त्या बाईचं? हे म्हणतात की लॅबमध्ये पुन्हा तपासूनच घेतात, चुकीचं रक्त कुणाला चढत नाही. खरं आहे. पण गेलेला वेळ तर गेलाच ना? माझ्या हट्टापायी एखाद्या तान्ह्याची आई गेली असेल तर मी कुठल्या तोंडानं खुर्चीवर बसून टाळ्या घेऊ? विचारायचं नाही हा नियम माझाच, आणि आता विचारायची छाती होत नाही. जपाला बसते, पण बोटं मण्यावरच थांबून राहतात.

तुमच्याशिवाय हे कुणाला लिहू? लोभ राहील ना?

आपली,
वहिनी

॥ श्री ॥

२१ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मानपत्र फाडलेलं नाही. ड्रॉवरमध्ये उलटं घालून ठेवलंय.

काही झालं नसेल, असं मी लिहिणार नाही, कारण मला ठाऊक नाही. तुलाही ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही म्हणून तू रोज त्या बाईला मारते आहेस. वहिनी, रागव हवं तर, पण लिहिते. तो नियम तू लोकांनी ओशाळू नये म्हणून केलास. आज तू स्वतः त्याच्या आड जाऊन बसली आहेस.

पत्र मिळताच आधी लॅबला कळव की ओच्या दोन्ही जुड्यांवर भरवसा ठेवू नका. उद्या परत तसा फोन आला तर? ते झालं की जाऊन विचार. दादाला बरोबर ने, पण बाहेर बाकावर बसव. आत आला तर ब्रह्मांडाची चौकशी करील आणि तुझं राहून जाईल. वाईट कळलं तर तार कर, मी मिळेल त्या बसनं निघते. रडायचं झालं तर दोघी मिळून रडू, पण काय झालं ते कळल्यावर.

आणि एक. तुझ्या त्या दोन बाटल्यांवर मी छत्तीस वर्षं नोकरी केली, भांडले, दादाच्या नाकी नऊ आणले. हेही त्या डब्यातलंच आहे.

वाट बघतेय. माया तीच, काकणभर जास्तच.

तुझी,
नणंद

॥ श्री ॥

२७ फेब्रुवारी

वन्सं,

आहे. ती बाई आहे. बाळही आहे. आधी एवढं लिहून टाकते, मग बाकीचं.

आता नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा यांनी ते मला न विचारता उघडलं, आणि बाकावर बसव हे वाचून गाल फुगवले. तरी लगेच चपला घालून उभे राहिले.

लॅबची खोली तशीच आहे, तोच स्पिरिटचा वास, तीच डुगडुगती खुर्ची. मी आधी जुड्यांचं सांगितलं, मग दोऱ्यांचं, मग ऑक्टोबरचं. लॅबवाल्यांचे केस पार पिकलेत. मला वाटलं आता ते फाडून खाणार. त्यांनी रजिस्टर काढलं आणि त्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढं सरकवलं. दोन बाटल्या लिहिलेल्या. मी विचारलं की दुसरी कुणाची?

तर ऐका. मी पाठवलेल्या चुकीच्या दोघांत एक गवंडी होता. त्याला लॅबवाल्यांनी सांगितलं की तुझा उपयोग नाही, जा घरी. तो हलेना. म्हणाला की मग हवं तरी काय ते सांगा, तीन मजल्यांच्या परांचीवरून उगाच नाही उतरलो. निगेटिव्ह ऐकल्यावर म्हणाला की माझ्या बहिणीचं तेच, तिच्या बाळंतपणात डॉक्टरांनी केवढा बाऊ केला होता. सायकल काढली आणि तिला शिलाई मशीनवरून उठवून पुढच्या दांडीवर बसवून घेऊन आला. गळ्यात मापाची टेप तशीच. पहिली बाटली संपायच्या आत दुसरी तयार होती. बाईला दहाव्या दिवशी घरी सोडली.

लॅबवाले म्हणाले की बरोबर गटाची माणसं लांबून यायला याहून उशीर लागला असता. ते माझं मन राखायला, मला कळलं. चूक ती चूक. पण मग तेच खाली बघून म्हणाले की वर्षभरात तुमची आणखी चार कार्डं चुकीची निघाली, तेव्हाच मी सरळ घरी येऊन सांगायला हवं होतं. वयानं होतं असेल म्हणून गप्प बसलो नि फोनवर उगाच ओरडलो. ती बाई कुठं राहते ते सांगू का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. आहे ना, एवढंच विचारायला आले होते.

बाहेर आले ती पदरानं डोळे पुसतच. यांना वाटलं संपलं सगळं. उठले आणि भर रस्त्यावर माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदा. मग मी सांगितलं की आहे. तर म्हणाले की मग सोड आता, लोक बघताहेत. हात मात्र त्यांनीच धरलेला होता.

काल दोन पोळ्या खाल्ल्या. जप पुरा झाला. आता एकच, ती दोनशे कार्डं नीट कशी करायची ते सांगा. आणि माझ्या एकटीच्या डोळ्यांवर हे काम यापुढं नको.

आपला लोभ मला पुरून उरला.

वहिनी

॥ श्री ॥

४ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचून मी तिथंच पायरीवर बसले. शेजारीण पाणी घेऊन आली. तिला सांगितलं की काही नाही, आमच्याकडे एकजण जिवंत आहे.

कार्डांचं सोपं आहे. सत्कारासाठी हॉल घेतलेला आहे, खुर्च्या मांडलेल्या असतील. त्या दोनशेजणांना तिथंच बोलाव आणि लॅबवाल्यांना टोचू दे. सत्कार नको म्हणतेस, तर हे तरी करून घे. आणि त्या टेपवालीला विचार. बोलावल्यावर मशीन सोडून येणारी माणसं रोज भेटत नाहीत.

माया आहे, ती वेगळी काय लिहायची?

तुझी,
नणंद

॥ श्री ॥

२४ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

झालं एकदाचं. दोनशे बारा जणांना निरोप धाडले, एकशे नव्व्याण्णव आले. उरलेल्यांची घरं लॅबवाले स्वतः गाठणार आहेत. एकतीस कार्डं चुकीची निघाली. प्रत्येकाला मी तोंडानं सांगितलं की चूक माझी. कुणी रागावलं नाही, उलट इस्त्रीवाला म्हणाला की बाई, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा चहा पाजलात. नगराध्यक्ष हार घेऊन आले ते रांग बघून दारातच अडकले. लॅबवाल्यांनी त्यांचंही बोट टोचून घेतलं. या गडबडीत तुमचं मानपत्र वाचायला कुणाला सवडच झाली नाही, राग मानू नका. मी घरी नव्या डोळ्यानं वाचलं. चांगलं आहे. थोर हा शब्द चार ठिकाणी होता, तो तेवढा खोडला.

गवंड्याची बहीण डबा घेऊन गेली. बाई ठसक्याची आहे. माझी पद्धत ऐकून म्हणाली की काकू, रंग राहू देत, पण गट लॅबची सही असल्याशिवाय कार्डावर चढणार नाही. मला हे कधी सुचलं नाही बघा. तिच्या घराखाली किराणावाल्याचा फोन आहे, हॉस्पिटलला तोच नंबर दिलाय.

घर फार गप्प झालं. तुमचे दादा दिवसातून चारदा रिसीव्हर उचलून बघतात, चालू आहे ना म्हणून. काल दुपारी जेवताना वाजला. मी सवयीनं अर्धी उठलेच. यांनी घेतला. गवंड्याची बहीण होती. म्हणाली की विचारायचं काही नव्हतं, एका मुलीला रक्त हवं होतं, दोघं पाठवले, दोघांचंही जुळलं, काकूंना तेवढं सांगा.

मी परत बसले. भात अजून गरम होता.

डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली, म्हणून आवरते. लोभ आहे, तो असाच येत-जात राहो.

आपली,
वहिनी