बारा दारांची रिंक

९ जानेवारी, सोमवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. वेळ आधी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी 'आठ वाजले असतील हो' म्हणायला नको. त्या वेळेला शेजारचा रेआल पोमेर्लो कुंपण ओलांडून माझ्या अंगणात आला आणि त्याने पहारीने माझ्या स्केटिंगच्या रिंकच्या बर्फाला भोक पाडलं. एक नाही — तीन! मी कॉफी ओतत होते. खिडकी उघडेपर्यंत गडी परत आपल्या हद्दीत. ओरडले. त्याने टोपीला हात लावला आणि दार लावून घेतलं.

उणे बावीसमध्ये दोन रात्री पाण्याची नळी धरून उभी राहिले, ती यासाठी?

चोवीस दिवस उरलेत.

१० जानेवारी

पहाटे चारलाच उठले. रागाने, वयाने नाही.

पत्र लिहिलं. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले, लेखी तक्रार कशी करतात ते मला कुणी शिकवायला नको. दिनांक, वेळ, स्थळ, नुकसान. 'कारण लेखी कळवावे. मुदत — शुक्रवार, १३ जानेवारी, सायंकाळी पाच.' स्वतः जाऊन त्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. ह्या माणसावर तिकीट कोण खर्च करणार!

एक नवी वस्तू विकत आणलेली नाही ह्या रिंकसाठी. आमच्या शाळेचं कॉन्व्हेंट पाडलं शरद ऋतूत. ठेकेदार दारं कचऱ्यात टाकत होता, मी बारा उचलली. लांब कडेवर उभी करून, मागे खुंट्या ठोकून चारी बाजूंच्या भिंती झाल्या — लांबीला चार-चार, रुंदीला दोन-दोन. खाली हमरस्त्यावरच्या जाहिरातीचा जुना व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा भलामोठा ताव. त्यावर घरं विकणाऱ्या कुणाचं तरी हसरं थोबाड आहे. त्याला पालथा झोपवलाय. त्याचा काळा कोट वर आला असता तर उन्हाने तापून बर्फ खाल्ला असता. नळी अग्निशमनवाल्यांची, टाकून दिलेली. पाण्याचं पिंप मेपलच्या पाकाचं. अजून गोड वास येतो.

आणि सगळं कशासाठी? २ फेब्रुवारीला रोलांद येणार आहे म्हणून. माझी थोरली बहीण, नदीपलीकडच्या वृद्धनिवासात असते. केबेक शहरातला डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल. 'बाकी काही नाही बघायचं राहिलं,' असं ती फोनवर म्हणाली होती, 'फक्त एकदा पायाखाली बर्फ. माणसांची गर्दी नसलेला.'

तो बर्फ. त्याला ह्याने भोकं पाडली.

११ जानेवारी

उत्तर नाही. त्याच्या धुराड्यातून धूर येतोय, म्हणजे मेलेला नाही.

१२ जानेवारी

उत्तर आलं. माझ्याच पत्राच्या पाठीवर, पेन्सिलीने. तेवढाही कागद नाही त्याच्याकडे! 'खालून पोकळ आहे. ठोकून पाहा. पाय मोडला असता.'

हातोडी घेऊन गेले. ठोकलं. ढोलासारखा आवाज. गुडघ्यावर बसून भोकात हात घातला — कोपरापर्यंत आत गेला. खाली पाणीच नाही. वर चार बोटं बर्फ, खाली नुसती हवा.

घाई! लहानपणापासूनची खोड. रिंक पातळ पातळ थरांनी चढवतात हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं, आणि मी दोन रात्रीत फूटभर पाणी ओतलं. वरचं गोठलं, खालचं गळून गेलं. गेलं कुठे? पोमेर्लोच्या अंगणात. त्याच्या सरपणाचा अख्खा ढीग काचेत घातल्यासारखा उभा आहे. त्याबद्दल पत्रात अक्षर नाही.

रोलांद स्केट घालून त्यावर उभी राहिली असती तर?

जेवले नाही.

१४ जानेवारी

साखरेचं सारण भरून पाई भाजली, पोमेर्लोकडे नेली. माफी मागितली नाही. पाई नेली.

तीस वर्षं त्याने गावाच्या बंदिस्त रिंकचा बर्फ सांभाळला, हे मी विसरलेच होते. जेवढं बोलला ते बर्फाबद्दलच. गळती कुठे आहे ते त्याने पाच मिनिटांत शोधलं. उत्तरेकडच्या कोपऱ्यातलं दार. सगळ्या दारांच्या बिजागऱ्या मी काढल्या होत्या, ह्या एकाच्या नाहीत. त्यातल्या खालच्या बिजागरीने व्हिनाइल फाडला.

"बाई, ही का ठेवली?"

"राहिली."

"अकरा दारांच्या काढल्यात, आणि ही राहिली?"

मी म्हटलं, तुम्ही पाई खा.

ते दार मदर सुपीरियरच्या खोलीचं आहे. पितळी मुठीवरून ओळखलं. ते होतं तसंच हवं होतं मला — रोलांदच्या स्केटचा फटका त्याच्यावर बसावा म्हणून. म्हणे मी शहाणी!

१५ जानेवारी

जुना बर्फ फोडून बाहेर काढला. बिजागरी काढली. फाटलेल्या जागी ओला बर्फ लगद्यासारखा थापला, त्याने भोक बुजलं. आता दिवसाला सहा वेळा, कागदाएवढा थर. पिंपात गरम पाणी, मागे जुनी घोंगडी बांधून ओढायची. गरम पाणी खालचा थर किंचित वितळवतं आणि मग दोन्ही एकजीव होतात. पोमेर्लो पुढे ओढतो, मी मागून शिव्या घालते. बरं चाललंय.

१८ जानेवारी

पाऊस. जानेवारीत पाऊस! दिवसभर खिडकी ते दार, दार ते खिडकी. सात मिलिमीटर म्हणाले रेडिओवर. रेडिओवाल्याला पत्र लिहायला घेतलं, फाडलं.

१९ जानेवारी

गोठलं. पोमेर्लो म्हणाला, "देवाने एक थर फुकट दिला." त्याच्याकडून विनोद, पहिल्यांदाच.

२२ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये मिस्साला लक्ष लागलं नाही. लिहून टाकते. इथे खोटं लिहायचं तर वही कशाला?

मी बारा वर्षांची, रोलांद सोळाची. कॉन्व्हेंटच्या भिंतीपलीकडे मुलांच्या कॉलेजची रिंक. मुलींनी खिडकीतूनसुद्धा बघायचं नाही. रोलांद साडेतीनच्या सुट्टीत भावाचे स्केट आणि त्याची लोकरी टोपी घालून पलीकडे जायची. मुलांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांचा सगळ्यात वेगवान खेळाडू कोण आहे. फक्त मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, शपथ घालून.

आणि मी मदरला सांगितलं. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. सांगावंसं वाटलं. ती वाऱ्यासारखी जायची आणि मी अजून बर्फावर स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलत उभी राहायला शिकत होते, एवढंच कारण. मदरने माझ्या छातीवर खरेपणाची निळी फीत लावली. रोलांदला शाळेतून काढलं; बाबा दुसऱ्या दिवशी ट्रकमधून घेऊन गेले. ती हातमोज्यांच्या कारखान्यात लागली, एकेचाळीस वर्षं. मी शिकले, पोस्टात खुर्चीवर बसले.

कुणी सांगितलं ते तिला कधी कळलं नाही. साठ वर्षं मी सगळ्या गावाला जाब विचारत आले — नगरपालिकेला, पाद्रीबाबांना, पोमेर्लोला. लेखी!

२ तारखेला सांगणार आहे. बर्फावर. तिला माझा चेहरा दिसतोय तोवर.

२४ जानेवारी

नाही सांगणार. तिला एक दिवस सुखाचा मिळतोय. तो माझ्या मनाच्या स्वच्छतेसाठी का नासवायचा?

२५ जानेवारी

सांगणार.

२७ जानेवारी

बर्फ तयार आहे. पोमेर्लोने पहार आपटून पाहिली. आवाज आला — भरीव, बद्द. तो "हं" म्हणाला. एवढी स्तुती त्याने बायकोचीही केली नसेल.

रोलांदला फोन केला. स्केटची धार लावून ठेवली आहे, धिरड्यांचं पीठ आदल्या रात्री भिजवीन, आधाराला स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली आहे, सगळं सांगितलं. भिंती कसल्या, विचारलं तिने. मी म्हटलं, कॉन्व्हेंटची दारं. मदरच्या खोलीचंही आहे.

पलीकडे खण उघडल्याचा आवाज. 

मग म्हणाली, "तुझा पोस्टाचा कोड काय गं?"

मला विचारतेय! चौतीस वर्षं त्या कोडवर शिक्के मारले मी. कशाला हवाय, तर म्हणे, "असू दे जवळ."

२८ जानेवारी

झोप नाही. दोनदा उठून बर्फ बघून आले. तो कुठे जातोय!

३१ जानेवारी, मंगळवार

अकराच्या टपालाने पत्र. जाड काळ्या पेनने, एका पानावर चार-पाच ओळी, अशी सहा पानं. तिला एवढंच मोठं दिसतं. जसंच्या तसं उतरवते.

'ब्लांदीन,

बुधवार, ६ फेब्रुवारी १९६३. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. स्थळ — मदरची खोली. दार पुरतं लागत नसे, तुला आठवत असेल. मी बाहेर उभी होते, ओल्या पायांनी. शब्द न् शब्द ऐकला.

निळी फीत तुला अजिबात शोभत नव्हती.

साठ वर्षं वाट पाहिली, तू स्वतः सांगशील म्हणून. आता डोळे थांबायला तयार नाहीत. तेव्हा तुझ्याच पद्धतीने विचारते. बर्फावर मी खुर्ची धरायची, की तुझा हात?

लेखी कळवावे. मुदत — गुरुवार, २ फेब्रुवारी, सकाळी दहा.

रोलांद'