तुपाच्या डब्यातला अ‍ॅम्प्लिफायर

सोलापूर,
माघ शुद्ध पंचमी, शके १८९७

चि. मधुसूदन यास,

सोलापुराहून दिगंबर वैरागकराचे भरघोस आशीर्वाद; जर्मनीच्या थंडीत वाटेत गोठले असतील तर शेगडीवर शेकून घ्यावेत. तुझी ताई विजयमाला खुशाल आहे. तिचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो, त्यामुळे दिवसातला निम्मा वेळ प्रकृती उत्तम आहे असे समजायला हरकत नाही. माझेही बरे चालले आहे, असे मी म्हणतो. विजयमालेला विचारलेस तर ती वेगळे सांगेल, तेव्हा विचारू नये. तुझे पडसे गेले का? ताईने ज्येष्ठमध कुटून ठेवले आहे, पण ते परदेशी पाठवले तर अधिकारी त्याला काय समजतील, या भीतीने पुडी अजून फडताळातच आहे.

तू मित्राबरोबर पाठवलेली वस्तू पोचली. विजयमालेने डबा उघडला आणि म्हणाली, मधूला आपली काळजी आहे, कानटोपी पाठवली. मग तिला खाली लोंबणारी वायर दिसली आणि तिने ती वस्तू सावकाश माझ्याकडे सरकवली. (वायर असलेली कोणतीही गोष्ट या घरात माझ्या खात्यात येते आणि बंद पडली की माझ्या दोषात जमा होते.) सोबतच्या चिठ्ठीत तू एवढेच लिहिले होतेस, ‘या हेडफोनला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लागतो.’ तू आपला सूत्र लिहून मोकळा झालास. त्यावरचे भाष्य, वार्तिक आणि भांडणे आमच्या वाट्याला आली. त्याचीच ही हकीकत.

आमची रविवार सकाळची बैठक तुला ऐकून ठाऊक असेल. सुताचे व्यापारी चनमल्लप्पा यांच्या दुकानावरच्या माडीवर आम्ही तिघेचौघे जमतो, रेकॉर्ड ऐकतो आणि भडंग खातो. शेजारच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. ते तालात चालतात, पण तो ताल कोणत्याही शास्त्रात बसत नाही, म्हणून विलंबित ख्याल ऐकताना फार सोसावे लागते. चनमल्लप्पांनी मात्र जन्म त्या भिंतीला टेकून काढला. त्यांची दाद म्हणजे आमच्या गावातले शेवटचे कोर्ट. फार बोलत नाहीत. सम आली की उजव्या हाताची दोन बोटे उचलतात, हलकेच ‘वा’ म्हणतात, आणि ती बोटे उचलली गेली नाहीत तर नवा गवय्या परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो. एकदा पुण्याच्या एका गायकाने माझ्यादेखत सांगितले की टाळ्यांनी भरलेले सभागृह एकीकडे आणि त्या म्हाताऱ्याची दोन बोटे एकीकडे.

तर या बैठकीत मी हेडफोन नेला. नेल्यावर लक्षात आले की ही वस्तू एकाच डोक्यावर बसते. आता गाणे एकट्याने ऐकायचे, ही कल्पनाच आमच्याकडे नाही. एकट्याने जेवावे तशी ती जरा लाजिरवाणी वाटते. पण पाहुण्या वस्तूचा मान राखायला हवा. म्हणून असे ठरले की एकाने ऐकायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहून दाद द्यायची. पहिला मान आप्पांना. (आप्पा म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. अजूनही घड्याळ पाहिल्याशिवाय पाणी पीत नाहीत.) आप्पांनी डोळे विस्फारले, आम्ही ‘क्या बात है’ म्हणालो. आप्पा कासावीस झाले, आम्ही हळहळलो. मग आम्हा बाकीच्यांना काही ऐकू येत नाही याचा आप्पांना विसर पडला आणि ते रेकॉर्डवरच्या बाईंच्या बरोबरीने तोडी गाऊ लागले. खालून गडी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. तो सद्भावनेने आला होता, असे माझे मत आहे.

एवढे खरे की आवाज बेताचा होता. रेकॉर्ड प्लेअरचे बटण शेवटपर्यंत पिळावे तेव्हा बाई समोर येऊन गात, नाहीतर शेजारच्या वाड्यात. तेव्हा मी तुझे सूत्र वाचून दाखवले, आणि वाद पेटला. आप्पांचा पूर्वपक्ष असा की कर्णा थेट कानाला चिकटलेला असताना त्याला आणखी जोर कशाला. एका डब्याला कोणी दोन इंजिने लावीत नाही. लाऊडस्पीकर भाड्याने देणारा राजेसाब नुकताच गड्ड्याच्या जत्रेतून मोकळा झाला होता. तो म्हणाला, “मास्तर, हत्तीला चमच्यानं पानी पाजताय तुमी.” त्याचे म्हणणे, चांगल्या हेडफोनची भूक मोठी असते, प्लेअरमधला इवलासा अ‍ॅम्प्लिफायर ती भागवताना धापा टाकतो, आणि धापेचा आवाज गाण्यात मिसळतो. आठवड्याने तो वनस्पती तुपाच्या एका डब्यात जुन्या रेडिओ सेटचे व्हॉल्व्ह बसवून घेऊन आला. बटणाशेजारी लाल रंगाची खूण होती. तिच्यापुढे बटण गेले तर आपण जबाबदार नाही, असे त्याने आल्या आल्या जाहीर केले, आणि त्यानंतर पाऊण तास हा डबा हिंदुस्थानात दुसरा नाही हे सांगितले. डब्याला तुपाचा वास येत होता, हे मात्र मान्य केले पाहिजे. तापला की शिऱ्याची आठवण होई.

नैयायिकांकडे प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण. म्हणून मीच सुचवले की परीक्षा घ्यावी. खोलीत एक चादर आडवी बांधली. तिच्यामागे राजेसाब, प्लेअर आणि डबा. आवाज दोन्हीकडे सारखाच ठेवायचा, म्हणजे कोणी नुसत्या मोठेपणाला भुलायला नको. तार कधी प्लेअरला, कधी डब्याला. ऐकणाऱ्याने चादरीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसायचे आणि डबा असेल तेव्हा बोट वर करायचे. चादर तोकडी असल्यामुळे आम्हा बाकीच्यांना तार दिसत होती. आप्पांनी डब्याला प्लेअर आणि प्लेअरला डबा म्हटले, आणि पुढे तार उलट दिशेने वाहत असल्याची शंका काढली. मी कधी बरोबर आलो, कधी चूक. तेवढे तर पंचांग पाहूनही जमले असते. मग चनमल्लप्पा बसले.

मधू, काय सांगू. एकदाही चुकले नाहीत. राजेसाबने कितीही फसवे खेळ केले, तार काढून पुन्हा तिथेच घातली, तरी डबा असला की त्यांची दोन बोटे वर, नसला की मांडीवर. शेवटी आप्पांनी उभे राहून हार मान्य केली. (रेल्वेतल्या माणसाने चूक कबूल करणे म्हणजे काय, हे तुला कळेल.) स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरने फरक पडतो, सूक्ष्म पडतो, आणि तो कळायला चनमल्लप्पांचा कान लागतो, असा सिद्धान्त झाला. राजेसाबने भडंगाची दुसरी पाटी मागवली.

इथेच पत्र संपवले असते तर शास्त्रही राहिले असते आणि तुझा वेळही वाचला असता. पण मागल्या बुधवारी शाळेला सुट्टी होती. चनमल्लप्पा म्हणाले, एकट्याने एकदा निवांत ऐकू द्या. मी माडीवर गेलो, हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला, रेकॉर्ड फिरती केली आणि समोर बसून चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासू लागलो. एका विद्यार्थ्याने ‘गजगामिनी’ या शब्दाचा अर्थ ‘हत्तीवरून गावाला जाणारी बाई’ असा दिला होता. माझी मान आपोआप डोलली. समोरून ‘वा’ आली. पुढच्या उत्तरपत्रिकेत एकाने विभक्तीचे असे काही केले होते की मी कपाळाला हात लावला. त्यावर समोरून हळहळीचा सुस्कारा आला. मला कौतुक वाटले. मग सहज प्लेअरकडे पाहिले. रेकॉर्ड फिरत होती आणि सुईचा दांडा आपल्या जागी विश्रांती घेत होता. मी तो खाली ठेवलाच नव्हता.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. परीक्षेच्या वेळी आम्ही चादरीमागे पाहत होतो आणि ते आमच्याकडे पाहत होते. तार डब्याला लागली की आमचे चेहरे सांगत होते. आणि ती एकच परीक्षा नव्हे. कितीतरी वर्षांच्या कितीतरी मैफलींत त्या माणसाने समोरच्यांच्या भुवयांवरून सम ओळखली होती. यंत्रमागांनी कान कधी नेले ते त्यांनाच माहीत. इंद्रियांवाचून ज्ञान होते त्याला आमच्या शास्त्रात योगी म्हणतात. हे गृहस्थ सूत विकतात. मी थट्टा करीत नाही. गाणे ऐकू येत असताना दाद देणे आप्पांनाही जमते; ऐकू येत नसताना, एकदाही अस्थानी न देता, इतक्या गायकांना तृप्त करून परत पाठवणे, याला काय म्हणावे?

पण हे बाहेर फुटले तर? ज्यांनी त्यांच्या दोन बोटांवर जन्माचा अभिमान बांधला, ते सगळे उद्या हसतील, आणि हसण्याआधीच चनमल्लप्पा माडीला कुलूप घालतील. गाण्याची जागा सोडून त्या माणसाजवळ दुसरे फारसे काही नाही. बायको गेली, मुलगे सोलापूर सोडून गेले, दुकान आता गुमास्ता पाहतो.

मी उठलो. सुईवरची धूळ पुसतोय असे दाखवून सुई खाली ठेवली. प्लेअरचे बटण आधीच पूर्ण पिळलेले होते, पण ते चनमल्लप्पांच्या तोंडावर काही उमटवत नव्हते. तेव्हा डब्याचे बटण लाल खुणेपर्यंत नेले. मग खुणेच्या पुढे. मग इतके पुढे की माग चालू असतानाही बाईंचा आलाप मला हेडफोनच्या बाहेर, खोलीभर, मुंगीच्या आवाजात ऐकू येऊ लागला. शिऱ्याचा वास सुटला. चनमल्लप्पांनी सवयीने दोन बोटे उचलली होती. ती तशीच हवेत राहिली. ‘वा’ नाही, सुस्कारा नाही. माझ्या तोंडाकडे त्यांचे लक्षच नव्हते. रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत त्या माणसाने दाद म्हणून दिली नाही.

मग त्यांनी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “मास्तर, ही बाई इतकी वर्सं असं गात होती व्हय?”

मी म्हणालो, होय, बऱ्या गातात.

त्यांनी उपरण्याने तोंड पुसले, सावरून बसले आणि म्हणाले, “तबला जरा मागं हाय.” तबला खरोखरच जरा मागे आहे. इतकी वर्षे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते.

तर तुझ्या सूत्रावरचे माझे भाष्य असे. धडधाकट कानाला, आवाज सारखा ठेवल्यास, स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरने काय फायदा होतो ते मला सांगता येत नाही. वाद घालायला मात्र तो उत्तम. पण जिथे प्लेअरचे बळ संपते, त्याच्या पुढेही एक गाव आहे आणि तिथे एक माणूस राहतो. तिथवर जायला दुसरे वाहन नाही.

ताईचे आशीर्वाद. ती म्हणते, लग्नाचे मनावर घे. मी काही म्हणत नाही.

तुझा,
दिगंबर वैरागकर

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. लग्नसराई तोंडावर आली असल्याने राजेसाबला आपले व्हॉल्व्ह परत हवे आहेत. तेव्हा तिकडचा एक चांगला, दणकट अ‍ॅम्प्लिफायर लवकरात लवकर पाठवावा. किमतीचे आपण भेटल्यावर बोलू, म्हणजे बोलणार नाही. शिवाय त्याबरोबर कारखान्याच्या सूचनांसारखा दिसणारा एक कागद हवा. शक्यतो जर्मन भाषेत, म्हणजे कोणी पडताळणार नाही. भाषांतर मी हवे तसे करीन. त्यात असे असावे की हा हेडफोन नव्या वहाणेसारखा मुरवावा लागतो, तो एकाच डोक्यावर, वयस्क आणि जाणत्या डोक्यावर, एक वर्ष, आवाज पूर्ण मोठा ठेवून. इतरांनी मध्ये घातल्यास बिघडतो. म्हणजे चनमल्लप्पा तो उजळ माथ्याने वापरतील आणि कोणाला कारण विचारता येणार नाही. खोटे लिहायला सांगतो आहे हे मला कळते. मी संस्कृत शिकवतो, नीतिशास्त्र दुसरे मास्तर शिकवतात.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवण्याआधी आप्पा आले. पत्र उघडेच होते आणि ते वाचून झाल्यावर मग मी त्यांना नको म्हणालो. शपथ घालावी म्हणून तोंड उघडले, तर आप्पाच म्हणाले, “मास्तर, तुमी गाणं ऐकताना डोळे मिटता. म्हणून तुमालाच म्हाईत न्हवतं. समेला मी मान एवढी जोरात हलवतो, ते काय मला मानेचा विकार हाय?” तेव्हा कळले की ही सगळी मंडळी वर्षानुवर्षे चनमल्लप्पांसाठी चेहरे ठळक करीत आली आहेत. परीक्षेच्या दिवशी तार डब्याला लागली की आप्पा मिशीला हात लावीत होते, म्हणजे स्वतःचा पक्ष स्वतःच्याच मिशीने हरवत होते. राजेसाबलाही ठाऊक होते. खालच्या गड्यालासुद्धा.

मी म्हणालो, मग त्या खोट्या कागदाची गरज उरली नाही. आप्पा म्हणाले, गरज आहे. आपल्याला माहीत आहे हे त्यांना कळता कामा नये. अ‍ॅम्प्लिफायर आणि कागद, दोन्ही पाठव. मजकुरात आप्पांची एकच दुरुस्ती आहे : ‘एक वर्ष’ खोडून ‘आजन्म’ करावे.