फोटोतली पाच चाकं

गोकुळ,

आज तुला आशीर्वाद लिहायचं मन होत नाय.

तू रणगाड्याच्या पलटणीत गेल्यापासून अण्णा टीव्हीवर रोज युद्धच बघतेत. दिवसभर कंपनीत पार्ट तपासून मी बजाजनगरला घरी येते, तर माझ्याकडं मान वळवत नायत. म्हणून मोबाइलवर बघून मीबी रणगाडे ओळखायला शिकले. एका बाजूला सारख्या अंतरावर सहा चाकं, तो टी-७२. पाच चाकं अन् पहिल्या-दुसऱ्यात मोठी फट, तो जुना टी-५५.

परवा बातम्यांत मी एका नजरेत टी-७२ ओळखला. अण्णा खूश होऊन म्हणले, "गोकुळनं शिकवलं व्हय?"

अंगाची नुसती आग झाली. मग भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बघितलं. "मी चालवतो तो टी-७२" म्हणून तू पाठवलेला. त्याला पाचच चाकं हायेत, अन् ती फट. असले रणगाडे आता छावणीच्या गेटावर शोभेला ठेवतेत. तू तिथं नेमकं काय करतो रे?

तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "आपल्या गोकुळचा कोणता गं?"

"टी-७२," मी म्हणले.

हे पत्र मी टाकणार नाय. पण तुझा फोटो अजून भिंतीवर हाय तो माझ्यामुळं, अन् अण्णांना हेबी कधी कळायचं नाय.

तुझी थोरली,
मेघा