एका वेळी तीनच

२६ ऑगस्ट २००८, मंगळवार

लॅपटॉप आला एकदाचा! मी म्हटलं होतं, जुना कॉम्प्युटर बघा, चालेल. उमेशने (माझा नवरा, वहीत उ.; सासरे अण्णांसमोर ‘अहो’, इथे अरे-तुरे) न सांगता नवा कोरा आणला. गौलीगुड्याला तो गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानात कामाला, तिथून अंबरपेठपर्यंत बसमध्ये मांडीवर घेऊन. हळदकुंकू, नारळ, झाकणावर स्वस्तिक. वरच्या आँटींना बोलावून दाखवला. विकणाऱ्याला यानं दोनच गोष्टी विचारल्या, टायपिंग होतं का आणि इंटरनेट चालतं का. दोन्हीला हौ. झालं!

लग्न झाल्यापासून मी न मागता त्यानं आणलेली ही पहिली वस्तू. गजरे सोडून.

उद्यापासून काम. चिऊ झाली तेव्हा ऑफिस सोडलं, तेव्हापासून घरात. डोक्याला गंज चढलाय. आता कंपनी घरून काम द्यायला तयार आहे. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल बोलून ठेवतात, ते ऐकून टाइप करायचं, संध्याकाळपर्यंत पाठवायचं. महिनाभर ट्रायल, शेवटी टेस्ट. पास झाले तर कायम. नाही झाले तर... ते लिहायचंच नाही.

२७ ऑगस्ट

दहाला बसले. डॉक्टरचा आवाज लावायचा प्रोग्राम उघडला. टायपिंगचा उघडला. औषधांच्या नावांची डिक्शनरी उघडली. मग कंपनीचा मेसेजचा प्रोग्राम (आमचं काम तपासणाऱ्या ललिता मॅडम त्यावरून दिवसभर सूचना देतात), तो उघडायला गेले तर पाटी आली. एका वेळी तीनच. चौथा हवा तर एक बंद करा.

वाटलं, माझंच चुकलं. मशीन बंद करून चालू केलं. क्रम बदलून पाहिला. तीनच. अरे, मी गॅसवर चार भांडी चढवते एका वेळी, आणि तुला काय झालं?

उ. कामावर गेलेला. लॅपटॉपच्या दुकानात फोन केला. तिथला माणूस : “मॅडम, ये सस्तेवाला है, इसमें तीनइच चलते. फुल व्हर्जन होना तो अलग से लेना पडता.” मग विकताना बोलला का नाहीस? “भाईसाब पूछेच नैं.”

म्हणजे मशीनमध्ये दम आहे. मुद्दाम हात बांधून विकलंय. दिवसभर हात शिवशिवत होते, कुणाला तरी फटकावावं म्हणून.

३० ऑगस्ट, शनि.

उ. रोज विचारतो, “कसा चालायलाय?” मी म्हणते, मस्त.

काय सांगू? कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही सांगून आलाय, आमच्या मिसेसना लॅपटॉप घेतला म्हणून. सांगितलं तर दुकानात जाऊन भांडेल, ते परवडलं. त्याचा चेहरा पडेल, तो मला बघवणार नाही. खरं कारण ते.

आज मेसेज चालू ठेवायला डिक्शनरी बंद केली आणि एका गोळीचं नाव अंदाजानं ठोकून दिलं. चुकलं. ललिता मॅडमचा फोन. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, औषधाच्या नावात अंदाज नको, मेधा. माणसाच्या पोटात जातं ते.

जेवण गेलं नाही.

९ सप्टें.

अण्णांना कळलं. सासऱ्यांच्या नजरेतून काय सुटतंय! “सूनबाई, त्या डब्ब्याशी दिवसभर कशाला भांडायलात?” सांगून टाकलं सगळं. म्हटलं, ह्यांना इतक्यात नको. “नक्को तर नक्को.” मग जरा थांबून, “ती डिक्शनरी कागदावर मिळत नाही का?”

मिळते की! ट्रेनिंगच्या वेळचं जाडजूड पुस्तक माळ्यावर पडलं होतं. आता अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसतात, पुस्तक मांडीवर, हातात चिऊची पट्टी. मी अक्षरं सांगते, ते शोधतात. शाळा उर्दूत झालेली, इंग्रजी पुढे कचेरीत घासून घासून शिकले. पहिल्या दिवशी एका नावाला चहा व्हायचा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी कपबशी ठेवेपर्यंत सापडलं. “कम्बख्त, दवा है की मुशायरा!” म्हणतात प्रत्येक लांब नावाला.

आवाज, टायपिंग, मेसेज. तीन. चालतंय.

१७ सप्टें.

ललिता मॅडम : “इम्प्रूव्हमेंट आहे.” यापेक्षा जास्त त्या नवऱ्यालाही म्हणत नसतील.

नवी भानगड. अण्णांनी स्वतःच्या बीपीच्या गोळीचं पान वाचलं. चक्कर, कोरडा खोकला, पायाला सूज, सगळं आपल्याला होतंय म्हणाले आणि आज गोळी घेईनात. तासभर माझी फाईल अडकलेली आणि मी त्यांच्यामागे पाण्याचा पेला घेऊन. शेवटी ते पान पुढच्या पानाला स्टेपल करून टाकलं.

उ. : “अण्णा दिवसभर तुझ्याजवळ काय करायलेत?” वाचतात म्हटलं, वेळ जातो. तो खूश. वडिलांची सोय झाली, त्यालाच श्रेय. मला आत कुठंतरी टोचलं.

२८ सप्टें., रवि.

नको तेच झालं.

समीर जेवायला आला होता. माझा धाकटा भाऊ, माधापूरला सॉफ्टवेअरमध्ये, मूळचा पुणेरी आगाऊपणा शाबूत. हात धुतोय न धुतोय तोच उ. ने लॅपटॉप उघडून समोर ठेवला. “बघ, सगळं एकदम चालतं!” चिऊचे फोटो लावले. गाणं लावलं. पत्त्यांचा खेळ उघडला. मी स्वयंपाकघरातून धावले, श्रीखंडाची वाटी हातात तशीच. तोवर त्याने इंटरनेटवर बोट दाबलं होतं.

पाटी.

समीर हसला. “भावोजी, हे तर सगळ्यात खालचं व्हर्जन हो! तीनच प्रोग्राम. गरिबांसाठी काढलंय.”

उ. म्हणाला, “नवं आहे ना, सेटिंग राहिलं असेल.”

आणि अण्णा, माझे भोळे अण्णा, त्याची बाजू सावरायला गेले. “काही बिघाड नाही रे, ते तसंच आहे. आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे. मी पुस्तक बघतो, चालून जातं.”

उ. ने झाकण हळूच लावलं. हळूच लावलं, ते फार लागलं. आपटायला हवं होतं.

समीर गेल्यावर एवढंच बोलला : “दुकानवाल्याला माहीत, अण्णांना माहीत. मीच एक येडा. रोज विचारायलो कसा चालायलाय, अन् तू मस्त म्हणायलीस.”

तीनच चालतात याचं त्याला काही नाही. मी त्याला त्यात धरलं नाही, हे लागलंय. मी जपत होते रे तुला! हे तोंडातून का नाही आलं?

२९ सप्टें.

अबोला. मीठ हवं असलं तर चिऊला सांगतो, आईला म्हणावं मीठ दे.

संध्याकाळी उशिरा आला. अण्णांना सांगताना ऐकलं, दुकानात जाऊन आलो, फुल व्हर्जनची डिस्क मागवावी लागते, दसऱ्यानंतर. मला एक शब्द नाही.

३० सप्टें.

मेल आला. टेस्ट शुक्रवारी. त्या दिवशी कंपनीचा टायमरचा प्रोग्राम पूर्ण वेळ चालू हवा. आणि मेसेजला लगेच उत्तर द्यायचं, तेही मार्कात धरणार.

आवाज, टायपिंग, टायमर. मग मेसेज कुठे? अण्णा शेजारी असूनही एक जास्तच!

समीरला फोन. म्हणाला, “ताई, फुल व्हर्जनची कॉपी टाकतो, चुटकीसरशी.” कंपनीच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, सगळं लायसन्सचं हवं, तपासतात. नको म्हटलं. फोन ठेवून घरभर फिरले. गॅलरी, मोरी, पुन्हा गॅलरी. चिऊ विचारते, आई तुला शू आलीय का?

२ ऑक्टो., गुरु.

उ. चपला घालता घालता, भिंतीकडे बघून : “उद्या किती वाजता?”

“दहा.”

“त्या मेसेजचा पासवर्ड लिहून दे. मी समोरच्या नेट कॅफेत बसतो.”

पासवर्ड कुणाला द्यायचा नाही असंही त्या कागदावर आहे. दिला. अण्णांनी सांगितलं असणार त्याला सगळं. दोघांनी माझ्यामागे बैठक घेतली म्हणायची. बरं झालं.

३ ऑक्टो., शुक्र.

लिहून टाकते, नाहीतर वेड लागेल.

उ. ने दुकानातून सुट्टी काढली. दहाच्या आधीच कॅफेत. माझा मोबाइल टेबलावर, स्पीकर चालू. अण्णा पुस्तक घेऊन खुर्चीत. चिऊ वरच्या आँटींकडे.

तो फक्त मॅडमचे मेसेज वाचून दाखवत होता. “दुसऱ्या पानावरचं हेडिंग ठळक करा.” “डोस ऐकू येत नसेल तर जागा मोकळी सोडा.” मी उत्तर सांगायची, तो टाइप करायचा. माझ्याशी स्वतःचं एक अक्षर नाही. मधे नुसता कॅफेतल्या पंख्याचा आवाज. मला विचारायचं होतं, नाश्ता केलास का. पण टायमर पळत होता.

शेवटची फाईल. हृदयाचा पेशंट, डॉक्टर घाईत, अर्धे शब्द खाणारा. नावं वाचून वाचून अण्णांचा घसा बसलेला, तरी शोधतायत. आणि फोनवर उ. मेसेज वाचता वाचता अडखळला.

“काय झालं? वाचा ना!”

“मॅडम विचारायल्यात, हे कोण आहे.”

“म्हणजे?”

“लिहिलंय, मेधा कधी थँक्यू म्हणत नाही. सकाळपासून प्रत्येक मेसेजला थँक्यू मॅडम कोण लिहितंय?” मग आवाज खाली आणून, “मी आपला मानाने लिहीत होतो गं... काय लिहू? तूच आहेस म्हणू का? चालून जाईल.”

अण्णांनी पुस्तकातून मान वर केली.

चालून गेलं असतं. आज बरं वाटत नाही, म्हणून थँक्यू म्हणतेय, असं काहीही. तोंडावर आलं होतं. पण त्याच्या आवाजात ते ‘चालून जाईल’ ऐकलं आणि महिनाभराचं माझं ‘मस्त’ आठवून लाजच वाटली.

“नको. खरं लिहा. नवरा आहे, मशीनवर तीनच चालतात, म्हणून मी बसलोय.”

“काम जाईल, मेधा.”

“लिहा म्हटलं ना!”

ओरडलेच मी. पलीकडून एका बोटानं टाइप केल्याचा आवाज येत राहिला. किती वेळ लावतो हा माणूस! मी फाईल पुरी केली. पाठवली. टायमर थांबला.

“काय आलं?”

“काही नाही. मॅडमच्या नावापुढं हिरवा ठिपका होता, तो गेला.”

“तुम्ही या घरी.”

“नाही. येईल उत्तर. मी बसतो.” मग जरा वेळानं, “तुला राग आला की तू अहो-जाहो करूनच ओरडतीस, माहीत आहे का?” आणि हसला. त्या रविवारनंतर पहिल्यांदा.

आता दिवेलागण झालीय. गॅलरीतून कॅफेची पाटी दिसते, तो दिसत नाही. उत्तर नाही. काम गेलं तर काय करू, मला खरंच माहीत नाही. मघापासून रडूही येतंय आणि हसूही. भाकरी, पिठलं, ठेचा बांधलाय. अण्णा म्हणाले, मी देऊन येतो. म्हटलं, तुम्ही बसा, आज तुमचा घसा गेलाय.

डबा घेऊन मीच जातेय. शेजारी एखादी खुर्ची असेल तिथे.